एका खोलीतील दोन इयत्ता

पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात जुलै महिन्यात पाऊस एकदा लागला की शाळेची घंटा लांबच्या पाड्यांपर्यंत ऐकू जात नाही. मुले अंदाजानेच निघतात. कुणाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ असते, कुणाच्या हातात काड्या मोडलेली छत्री, आणि पाय तर सर्वांचेच घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. व्हरांड्यात ठेवलेल्या बादलीभोवती पाय धुण्यातच पहिली दहा मिनिटे जातात. ही दहा मिनिटे वेळापत्रकात कोठेही दाखवलेली नसतात.

जिल्हा परिषदेची ही शाळा पहिली ते चौथीपर्यंतची आहे. पटावर ४६ मुले आणि शिकवणारे दोघे. मुख्याध्यापकांकडे पहिली व चौथी, तर शिक्षिकेकडे दुसरी व तिसरी. पहिलीच्या मुलांना सतत कुणीतरी जवळ लागते आणि चौथीची मुले सर्वांत अधिक काळ स्वतःहून काम करू शकतात, म्हणून या दोन इयत्तांची जोडी बांधलेली आहे. उरलेल्या दोन इयत्ता दुसऱ्या खोलीत बसतात. दुसरीची ११ आणि तिसरीची १३, अशी एकूण २४ मुले. या लेखातील आठवडा या दुसऱ्या खोलीतील आहे.

अशी शाळा म्हणजे अपवाद नव्हे. एकेकाळी ग्रामीण भागात एकशिक्षकी शाळा सर्रास असत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या व दोन शिक्षक असावेत असा आग्रह धरला आणि त्यातून पुढच्या वर्षी ‘खडू-फळा’ योजना सुरू झाली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडी-पाड्यांवरील लहान शाळेत एका शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्ता सांभाळाव्यात, हे कायद्यानेच गृहीत धरले आहे. शिक्षणशास्त्रात यालाच बहुवर्ग अध्यापन म्हणतात.

याच कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. याचा अर्थ दिवसाला सरासरी चार तास, म्हणजे २४० मिनिटे. खोलीत मुले २४. शिक्षिकेने आपले सर्व लक्ष प्रत्येक मुलाला समान वाटून द्यायचे ठरवले, तर एकेकाच्या वाट्याला दिवसाकाठी दहा मिनिटे येतात. शिकणे म्हणजे शिक्षकाने बोलणे व मुलाने ऐकणे एवढेच असेल, तर या खोलीत फारसे काही घडणार नाही. म्हणून मुले केवळ बाईंच्या तोंडून शिकणार नाहीत, अशीच आठवड्याची सारी आखणी करावी लागते.

सोमवारी हजेरी घेताना २४ पैकी १७ मुले हजर होती. गैरहजर सातजण आजारी नव्हते. आवणी सुरू झाली होती. भाताची रोपे उपटून खाचरात लावण्याच्या कामाला या भागात आवणी म्हणतात. पावसाच्या चार सरी लागून पडल्या की घरातील प्रत्येक धडधाकट माणूस शेतात असतो आणि घरातील मुलांकडे गुरे किंवा धाकटी भावंडे येतात. गैरहजर मुलांत तिसरीची एक मुलगी होती. घरी दीड वर्षाचा भाऊ, आई-वडील खाचरात. भावाला घेऊन बसणे हेच तिचे काम.

ही अडचण जुनी आहे आणि ती सोडवण्याचा एक मोठा प्रयत्न याच परिसरात झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारले. मुले शाळेत येत नाहीत, याचा दोष त्यांनी मुलांना दिला नाही. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली व तिला कुरणशाळा म्हटले. धाकट्या भावंडांची व्यवस्था झाल्याखेरीज थोरली बहीण शाळेत येणार नाही, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा त्यांनी एकमेकांशी जोडली. आज गावोगावी अंगणवाड्या आहेत. मात्र अंगणवाडीतील शिक्षण तीन वर्षांपासून सुरू होते. दीड वर्षाचा भाऊ पुन्हा बहिणीच्याच कडेवर राहतो.

शिक्षिकेने शेजारच्या मुलाबरोबर निरोप धाडला, ‘भावाला घेऊनच ये.’ मंगळवारी ती आली. भाऊ खोलीच्या कोपऱ्यात सतरंजीवर कधी झोपे, कधी खडूचे तुकडे तोंडात घाली. मग कुणीतरी उठून ते काढून घेई. नियमावलीत अशा मुलाला जागा नाही. पण त्याला जागा दिल्याविना त्याच्या बहिणीलाही जागा मिळाली नसती.

मंगळवार गणिताचा होता. दुसरीच्या मुलांना शिक्षिकेने ‘पंचवीस’ लिहायला सांगितले. हजर असलेल्या आठांपैकी तिघांनी ५२ लिहिले. वरवर पाहता ही बेपर्वाई वाटते. प्रत्यक्षात मुलांनी ऐकले तसेच लिहिले होते. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो व वीस नंतर; लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. एकवीसपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत बहुतेक संख्यांची हीच कथा आहे. त्यात ‘एकोण’ची भर. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. शब्दात तीस ऐकू येते, लिहायचे मात्र २९. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असे करत मूल नव्वदीच्या पलीकडे पोहोचते, नियम हाती लागला असे त्याला वाटते, आणि तेथे ९९ ला ‘नव्याण्णव’ म्हणतात! हिंदी व गुजराती मुलांनाही जवळपास हाच घोळ निस्तरावा लागतो. कन्नड, तेलुगू किंवा तमिळ बोलणाऱ्या मुलाला तो नाही, कारण त्या भाषांत दशक आधी उच्चारतात व एकक नंतर.

महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची पद्धत आली, तेव्हा मोठा वाद उसळला. भाषेची मोडतोड होत आहे असे एका बाजूचे म्हणणे, तर जोडाक्षरांनी भरलेल्या संख्यानामांमुळे मुले गणिताला भितात असे दुसऱ्या बाजूचे. वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. पण पंचवीसचे बावन्न करणारे मूल नेमके कोठे अडते, हे ज्यांनी वर्गात पाहिले आहे त्यांना पुस्तककर्त्यांचा हेतू समजणे अवघड नाही.

शिक्षिकेने ५२ पुसून टाकायला सांगितले नाही. बांबूच्या काड्या आणल्या. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबराने बांधलेले, शिवाय काही सुट्या. ‘पंचवीस काड्या मांडा.’ तिघांनीही दोन गठ्ठे व पाच सुट्या काड्या बिनचूक मांडल्या. ‘आता पाटीवर लिहिलेल्या मांडा.’ पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. दोन्ही ढीग शेजारी शेजारी आले. एका मुलाने काही न बोलता पाटी पुसली. त्याला संख्या कळलेली होतीच. तिचे नाव आणि तिचे लेखन यांची दिशा उलटी आहे एवढेच कळायचे होते. चुकीचा हा नेमका पत्ता सापडला नसता, तर त्याच्याकडून ‘पंचवीस’ हा शब्द पन्नास वेळा गिरवून घेतला गेला असता आणि चूक जिथल्या तिथेच राहिली असती.

याच वेळी तिसरीची मुले खोलीच्या दुसऱ्या बाजूला होती. ती काय करत होती, हा बहुवर्ग अध्यापनातील खरा कसोटीचा प्रश्न आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे ‘फळ्यावरचे पाहून लिहा’. त्यामुळे खोली शांत राहते, वह्या भरतात आणि पाहणाऱ्याला वर्ग शिस्तीचा दिसतो. पण पाहून लिहिताना मुलाला अडावे लागत नाही. आणि अडल्याशिवाय विचार सुरू होत नाही. म्हणून शिक्षिकेने तिसरीला दुकानाचा खेळ दिला होता. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर वस्तूंच्या किमती, हातात कागदी नोटा. ३०२ रुपयांतून १४५ रुपये गेले तर उरले किती? येथे शून्य आडवे येते. दशकाच्या घरात काहीच नाही, मग उसने कोणाकडून घ्यायचे? शेकड्याची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतात आणि त्यांतली एक पुन्हा मोडावी लागते. दोन गटांनी १५७ हे उत्तर काढले. एका गटातील मुलगा मात्र वैतागला, उठला व सरळ दुसरीच्या मुलांच्या काड्यांपाशी येऊन बसला. गठ्ठा सोडण्याचा व बांधण्याचा खेळ त्याने थोडा वेळ पाहिला आणि परत गेला.

दोन इयत्ता एका खोलीत असण्याचा हा एक लाभ आहे आणि तो क्वचितच मोजला जातो. स्वतंत्र वर्ग असलेल्या शाळेत तिसरीच्या मुलाला ‘जा, दुसरीत बस’ म्हणणे ही शिक्षा ठरते. येथे तो चार पावले चालतो आणि मागे राहिलेली गोष्ट उचलून आणतो. उलट, दुसरीची चुणचुणीत मुलगी काम उरकून तिसरीचा पाठ कान देऊन ऐकते. अर्थात हे आपोआप होत नाही. ती चार पावले चालण्याची मुभा मुलाला आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते.

बुधवारी मुख्याध्यापक केंद्रावरील बैठकीस गेले. हजर असलेली चारही इयत्तांची सारी मुले एका शिक्षिकेकडे आली. अशा दिवशी कवायत किंवा गाणी घेऊन वेळ निभावून नेता येतो, आणि कोणी तसे केले तर त्याला फार दोष देता येणार नाही. येथे एकच गोष्ट सर्वांना सांगितली गेली आणि तिच्यावरचे काम निरनिराळे दिले गेले. पहिलीने चित्र काढायचे, दुसरीने त्यातील पात्रांची नावे लिहायची, तिसरीने शेवट बदलायचा, चौथीने ती गोष्ट संवादांत मांडायची. पुढे पहिलीच्या मुलांना अक्षरे गिरवताना चौथीची मुले मदतीला बसली. दुसऱ्याला शिकवताना शिकवणाऱ्याचेही ज्ञान पक्के होते असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मात्र हे म्हणणे मोठ्यांच्या सोयीचे असल्यामुळे ते अधिक पारखून घ्यावे लागते. चौथीचे मूल स्वतः शिकण्यासाठी शाळेत येते. त्याचा दिवस दुसऱ्याला शिकवण्यात संपू नये, म्हणून ही मदत अर्ध्या तासावर थांबवली गेली.

गुरुवारी पावसाने उघडीप दिली आणि परिसर अभ्यासाचा तास शाळेमागच्या खाचरात भरला. एका विद्यार्थ्याचे आजोबा बांधावर उभे राहून सांगत होते. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण व फांद्या पसरून जमीन भाजायची, त्याला राब म्हणतात. त्याने तणाचे बी जळते आणि राख मातीत मिसळते. पाऊस पडला की तेथे भात पेरायचा व तीन-चार आठवड्यांची रोपे खाचरात नेऊन लावायची. तिसरीची मुले दोन चुडांमधील अंतर विती-बोटांनी मोजत होती. दुसरीची मुले एका चुडात किती रोपे आहेत ते मोजून पाटीवर मांडत होती. कुणाला दोन सापडली, कुणाला चार. ‘सगळीकडे सारखी का नाहीत?’ असे एकाने विचारले. आजोबा हसले, ‘हाताला येतील तेवढी लावायची.’

परत आल्यावर पाहिलेले लिहायचे होते. शिक्षिकेने फळ्यावर ‘लावणी’ हा शब्द लिहिला आणि वर्ग गप्प झाला. पुस्तकी मराठीत भाताची लावणी म्हणतात. शहरातील वाचकाला मात्र लावणी म्हटले की ढोलकीच्या तालावरची लावणी आठवेल. या मुलांना यांपैकी काहीच आठवले नाही. मग शेजारी ‘आवणी’ लिहिले गेले आणि हात वर झाले. यांतील बहुतेक मुलांच्या घरी वारली बोलली जाते. शाळेची मराठी त्यांना जवळची असली, तरी घरची नाही. बोलीतला शब्द आधी फळ्यावर आला, तर प्रमाण भाषेतील शब्द त्याच्या सोबतीने शिकता येतो. तो खोडून शिकवला, तर मूल दोन्ही शब्दांपाशी मुके होते. मुले सांगत गेली, शिक्षिका मोठ्या कागदावर लिहीत गेली. भावाला घेऊन येणाऱ्या मुलीने दोन वाक्ये सांगितली, ‘आई चिखलात रोप लावते. भाऊ बांधावर निजतो.’

ही मुलगी तिसरीत होती. पण तिला वाचता येत नव्हते. हे सहज ध्यानात येण्यासारखे नव्हते, कारण ओळखीचे पाठ ती चित्रे पाहून व इतरांचे ऐकून घडाघड म्हणे. ग, म, भ, न या जुन्या क्रमाने तिची अक्षरे झालेली होती. ‘मन’, ‘नग’, ‘गगन’ ती वाचू शके. काना-मात्राही जमत असे. ती अडे ह्रस्व वेलांटीपाशी. देवनागरी ही उच्चाराशी इमान राखणारी लिपी असली, तरी काही ठिकाणी ती डोळ्यांना चकवते. ‘चि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, तिचा उच्चार मात्र अक्षरानंतर. रफाराचे याच्या उलट आहे. ‘सूर्य’ या शब्दात र हा य च्या आधी उच्चारला जातो, पण चढून बसतो य च्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे एकेक खूण वाचत जाणारे मूल नेमके येथे ठेचाळते, आणि ठेच लपवण्यासाठी अंदाजाने वाचू लागते.

तिसरीच्या अखेरीस ही ठेच तशीच राहिली तर काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. चौथीपासून गणित, परिसर अभ्यास, सारे काही वाचूनच शिकायचे असते. ज्याला वाचता येत नाही, त्याचे सर्व विषय एकाच वेळी बंद होतात. याच कारणाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी ही सीमारेषा मानली आणि २०२६-२७ पर्यंत देशातील प्रत्येक मुलाला या टप्प्यावर समजून वाचता यावे व मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले. देशाचे उद्दिष्ट या खोलीत येऊन पोहोचते, तेव्हा त्याचे रूप अगदी लहान असते. एक मुलगी, एक वेलांटी आणि रोजची पंधरा मिनिटे. इतर २३ मुलांना स्वतःहून करण्याजोगे अर्थपूर्ण काम मिळाले, तरच ही पंधरा मिनिटे निघतात. दुकानाचा खेळ, काड्यांचे गठ्ठे, बदललेला शेवट यांची सारी खटपट त्यासाठीही होती.

शुक्रवार बराचसा कागदपत्रांत गेला. शालेय पोषण आहाराची नोंद रोज ठेवावी लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झालेल्या या योजनेचे नाव २०२१ पासून ‘पीएम पोषण’ असे झाले आहे. प्राथमिक वर्गातील मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम धान्य मिळते. हजर मुले ३८ असतील, तर खिचडीला तांदूळ किती? हा हिशेब चौथीने तोंडी केला, तिसरीने कागदावर मांडून पडताळला: ३,८०० ग्रॅम, म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी वजनकाटा मुलांसमोर धरला.

मुले घरी गेल्यावर नोंदवही निघाली. शिक्षकाचे काम आठवड्याला किमान ४५ तासांचे असावे व त्यात पूर्वतयारीचाही समावेश असावा, असे कायदा सांगतो. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहिण्याची पद्धत आली. ‘वाचनात प्रगती आवश्यक’ असे ठरावीक वाक्य लिहून ही नोंद पुरी करता येते. ‘ह्रस्व वेलांटीला थांबते, अंदाज करते, काना-मात्रा येतो’ असे लिहिले तर पुढच्या आठवड्यात काय करायचे तेही तेथेच समजते.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. मुलांनी गुरुवारी सांगितलेली वाक्ये भिंतीवर लावली होती. जे ते मूल आपले वाक्य शोधून वाचत होते. ती मुलगी कागदासमोर उभी राहिली. ‘आई’ म्हणाली. पुढच्या शब्दावर बोट ठेवले, वेलांटीवर थांबली, बोट च वर नेले आणि पुन्हा मागे वेलांटीवर आणले. शेजारचा मुलगा शब्द सांगू लागला, तेव्हा शिक्षिकेने त्याला खुणेने थांबवले. बऱ्याच वेळाने ‘चिखलात’ असा आवाज आला. उरलेले वाक्य तिने वाचले की आठवून म्हटले, हे सांगणे अवघड होते. दुसऱ्या वाक्यातील ‘निजतो’पाशी ती पुन्हा थांबली आणि या वेळी बोट एकदाच मागे गेले. भाऊ सतरंजीवर उठून बसला होता व रडू लागला होता, म्हणून वाचन तेथेच थांबले.

आवणी अजून आठ दिवस तरी चालणार होती. गैरहजर सहाजणांपैकी तिघे दुसरीचे होते. ते परत आल्यावर पंचवीसचा पाठ त्यांच्यासाठी पुन्हा घ्यावा लागणार होता. आठवडाभराच्या वापराने गठ्ठ्यांची रबरे तुटून गेली होती. सोमवारी सुतळी घेऊन येण्याचे काम शिक्षिकेने तिसरीच्या त्या वैतागलेल्या मुलाकडे सोपवले आणि शाळा सुटली.